चौकोन की प्रश्नचिन्ह

लग्नाला गेलेली माणसं आधी नवरा-नवरी पाहतात, नाहीतर सरळ जेवणाच्या रांगेत घुसतात. आमचे हिवराजभाऊ मंडपाच्या दारातच अडकतात, कारण त्यांना पाटी वाचायची असते. गेल्या हंगामात एका राईस मिलवाल्या गिऱ्हाइकाकडे लग्न होतं. दारावर लाल दिव्यांची सरकती पाटी लावलेली. नावं मराठीत टाकली होती आणि पाटीच्या मशीनला मराठी येत नव्हती, त्यामुळे या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती प्रश्नचिन्हं सरकत होती. पाहुणे हसत हसत आत जात होते. हिवराजभाऊंनी मात्र चपला काढल्या आणि मान खाली घालून उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"गेले, ताई."

"कोण गेलं?"

"अक्षरं."

शेजारी नवरीकडचे एक काका अत्तर लावायला उभे होते. मांडवाच्या दारात कोणी 'गेले' म्हणतंय म्हटल्यावर त्यांचा हात तसाच हवेत राहिला. हिवराजभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते बोट नाचवत चिन्हं मोजत होते; काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकाचं मशीनमध्ये वेगळं चिन्ह पडतं. "नवरदेव पाचाचा हाये. दिनेश असन, नाहीतर सुरेश." नवरदेव दिनेशच निघाला. मला हसू आवरेना. हिवराजभाऊंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आमचं ऑफिस गोंदियाच्या बाजारात, एका सायकलच्या दुकानावर आहे. खाली पंक्चर निघतं, वर सॉफ्टवेअर निघतं. मिलची वजनपावती, टायरच्या दुकानाचा स्टॉक, शिकवणी वर्गाची हजेरी, जो जे मागेल ते आम्ही करून देतो. आम्ही म्हणजे तिघं. एक मालक, शेटजी, ज्यांना 'कब देंगे?' एवढा एकच प्रश्न पडतो. दुसरी मी, गिऱ्हाइकांचे फोन घेणं, त्यांना शिकवणं आणि त्यांची बोलणी खाणं माझ्याकडे. आणि तिसरे हिवराजभाऊ, जे प्रोग्राम लिहितात आणि लिहिताना सतत घाबरलेले असतात.

कशाला घाबरतात, असं विचारायची सोय नाही. वीज जाईल म्हणून घाबरतात, आली की जास्त दाबाने आली असेल म्हणून घाबरतात. केलेल्या कामाच्या तीन प्रती ठेवतात. एक ऑफिसात, एक त्यांच्या भाड्याच्या खोलीवर आणि एक गावाला, सालेकसाच्या पलीकडे, आईच्या ताब्यात. ही तिसरी प्रत म्हणजे एक पेनड्राइव्ह. तो प्लास्टिकच्या डबीत, आणि डबी धानाच्या ढोलीत. घरी कोणी धान काढायला आलं की त्यांची आई आधी बजावते, "खाली माह्या पोराचे अक्षरं हायेत, हात जपून घाला."

आणि एक पालुपद आहे. आत काय हाये? समोसा फोडून आत पाहिल्याशिवाय ते तोंडात घालत नाहीत. नवी गाडी कोणी दाखवायला आणली तर बॉनेट उघडायला लावतात. बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून गेलं की आम्ही सगळे वर बघतो, हे म्हणतात, "आतमंदी कोन बसलं असन, किती भेलं असन." एवढं बोलून विमान दिसेनासं होईपर्यंत खिडकीशी उभे राहतात.

आता थोडं अक्षरांविषयी सांगावं लागेल, त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. कॉम्प्युटरला माहिती द्यायची तर आधी रकाना आखावा लागतो आणि त्याला सांगावं लागतं, बाबा, तुझ्यात आकडा राहणार, तारीख राहणार की अक्षरं. अक्षरांच्या रकान्याचे पुन्हा दोन प्रकार. जुना प्रकार लहान, त्याला इंग्रजीची एबीसीडी तेवढी ठाऊक. दुसरा युनिकोडचा. त्यात मराठी, तमिळ, चिनी, काहीही मावतं, कारण प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर ठरवून दिलेला आहे. आपल्या 'क'चा नंबर दोन हजार तीनशे पंचवीस. हे मला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं, पण हिवराजभाऊंच्या शेजारच्या खुर्चीवर बसलं की असलं सामान डोक्यात घेऊनच घरी जावं लागतं.

आळशी माणसं लहान रकाना आखतात आणि त्यात मराठी कोंबतात. हिवराजभाऊंना याचा फार संताप. "धान मोजाच्या पायलीत म्हैस बसवून राहिले हे लोक, ताई. मंग म्हनतात, शिंग काऊन नाई दिसून राहिले?"

एकदा शिकवणी वर्गाच्या सरांचा फोन आला. सर रडायच्या बेतात होते. सगळ्या पोरांच्या नावांच्या जागी चौकोन आले होते, ओळीने रिकामे चौकोन. मला वाटलं, हिवराजभाऊ आता खुर्चीवरून कोसळतात. ते चक्क हसले.

"चौकोन हायेत ना? मंग कायले भेता, सर?"

आम्ही गेलो. त्यांनी एक चौकोन उचलला आणि मशीनला त्याचा नंबर विचारला. नंबर बरोबर आला. "पाहा. आतमंदी अक्षर हाये. या पडद्याले दाखवता नाई येऊन राहिलं, बस." त्यांनी अक्षरांचा एक साचा, म्हणजे फॉन्ट, मशीनमध्ये घातला आणि पोरांची नावं जशीच्या तशी परत उगवली. सरांनी आम्हाला चहा पाजला आणि वर फरसाणाची एक पुडी दिली.

येताना त्यांनी मला गाडी थांबवायला लावून समजावलं. चालत्या गाडीवर महत्त्वाचं बोलू नये, असा त्यांचा नियम. "चौकोन म्हनजे अक्षर जित्तं हाये, ताई. बाहेर येता नाई येऊन राहिलं त्याले. प्रश्नचिन्ह म्हनजे मशीननं अक्षर फेकून देल्लं, अन् जागेवर खून ठेवली. 'क'ची बी तीच खून, 'ज्ञ'ची बी तीच. कोनाची होती ते कोनालेच सांगता येत नाई मंग." जवळच्या टपरीवाल्याने आमच्याकडे काळजीने पाहिलं. भर रस्त्यात एक माणूस डोळ्यांत पाणी आणून बाईमाणसाशी बोलतोय म्हटल्यावर त्याचंही काही चुकलं नाही.

प्रोग्राम तयार झाला की तो तपासायला कोणी 'टेस्ट' लिहितं, कोणी एबीसी लिहितं. हिवराजभाऊ 'कौशल्याबाई' लिहितात. पुष्कळदा मग ते खोडायचं राहून जातं आणि मला फोन येतात. "मॅडम, ये कौशल्याबाई कौन है? हमारे टायर के स्टॉक में एक नग दिखा रहा है." मिलच्या ट्रक ड्रायव्हरांत कौशल्याबाई आहेत, शिकवणी वर्गात दहावीला कौशल्याबाई आहेत.

कौशल्याबाई म्हणजे हिवराजभाऊंची आई. "या नावात काना हाये, मात्रा हाये, जोडाक्षर हाये. हे धड निघालं का बाकीची मराठी निघते," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा म्हटलं, मग कौस्तुभ लिहा. ते म्हणाले, "कौस्तुभले मी ओळखत नाई."

नुसतं नाव टाकून ते थांबत नाहीत. मग मुद्दाम चुकीचं भरतात. कौशल्याबाईंचं वय तीनशे. कौशल्याबाईंची जन्मतारीख पुढल्या सालची. मशीनने लाल अक्षरात चूक दाखवली की हे खूश. "एरर आली म्हनजे मशीन जागी हाये, ताई. जे मशीन काही बी गिळते, ते मेलेलं समजा."

आणि दुपारचा फोन. आम्ही डबे काढले की हिवराजभाऊ आईला फोन लावतात आणि मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून स्पीकरवर ठेवतात. पुढचा सगळा वेळ कौशल्याबाई बोलतात. घरात ते पोवारी बोलतात, मला निम्मी कळते. कोणाची गाय व्याली, मोहाची फुलं किती वाळली, थोरल्या सुनेने भाजीत काय घातलं नाही. हिवराजभाऊ मधूनमधून फक्त "हव, माय" म्हणतात. शेवटचा प्रश्न रोजचा, जेवलास का? डबा उघडलेला असो की नसो, उत्तरही रोजचं. "हव माय, जेवलो."

चाळिशी उलटली, लग्न झालं नाही, खोलीवर बोलायला कोणी नाही. दिवसभरात त्यांच्या कानावर घरचे शब्द पडायचे ते एवढेच. मला तेव्हा ते गमतीचं वाटायचं.

अशात एका खासगी दवाखान्याचं काम आलं. त्यांचा जुना प्रोग्राम कोणी तरी लहान रकान्यांचा करून ठेवला होता. नावं इंग्रजीत लिहीत होते तोवर चाललं. नव्या मुलीने काउंटरवर मराठीत नावं भरायला सुरुवात केली आणि खाटेला लावायच्या चिठ्ठ्यांवर प्रश्नचिन्हं छापून यायला लागली. हिवराजभाऊंनी नवा प्रोग्राम लिहिला. तो तयार झाला. माझ्या मते उत्तम झाला. पण ते तो देईनात.

"अजून एकदा पाहतो."

"अरे हिवराज, दिवाली गई, अब होली आ रही है," शेटजी म्हणायचे. "कब देंगे?"

"दवाखाना हाये, शेटजी. टायरच्या दुकानात अक्षर गळलं तर टायर रडत नाई."

शेटजी माझ्याकडे बघायचे, मी कपाटाकडे बघायचे. दवाखान्याचा फोन आला की मी 'उद्या' सांगायचे. हिवराजभाऊ पुन्हा कौशल्याबाई भरायचे, पुन्हा तीनशे वय टाकायचे, लाल अक्षरं आली की हुश्श करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. त्यांच्या भीतीचा मला वीट आला होता. आणि खरं सांगायचं तर तिची मला लागणही झाली होती, कारण घराला कुलूप लावून मी दोनदा मागे जाऊन ओढून बघायला लागले होते.

होळी उलटली, मोहाची फुलं पडायचे दिवस होते. दुपारी आम्ही डबे काढले, तेवढ्यात हिवराजभाऊंचाच फोन वाजला. आईचा. एरवी हे लावतात, आज तिकडून आला. त्यांनी तो बाटलीला टेकवला.

"बोल, माय."

काही नाही.

"आवाज येऊन नाई राहिला, माय. टावर गेला असन."

ते जिन्यात गेले. जिन्यातून गच्चीवर गेले. मी डब्यातली पोळी हातात घेऊन मागे गेले, कारण आईला टावरबद्दल समजावताना त्यांना पाहण्यात मजा असायची. ते फोन वर धरत होते, डावीकडे धरत होते. फोनमधून 'अ… अ…' असं काही तरी येत होतं. "तुटून तुटून येऊन राहिला, माय. तू अंगणात ये." मी हसले. मग फोन कोणी तरी हिसकावून घेतल्याचा आवाज झाला आणि त्यांच्या वहिनी मोठ्याने रडत बोलायला लागल्या. सासूबाई खाटेवरून पडल्यात, तोंड वाकडं झालंय, उजवा हात हलत नाही, डाव्या हातात फोन धरून होत्या.

टावर पूर्ण होता. हिवराजभाऊ पाण्याच्या टाकीपाशी खाली बसले. पोळी माझ्या हातातच होती.

गावातल्या कोणाची गाडी करून त्यांना आणलं ते त्याच दवाखान्यात, कारण असल्या दुखण्यावरचा इलाज तिथे होता. भरती झाल्यावर आम्हाला वर सोडलं. वॉर्डाच्या दारात हिवराजभाऊ थांबले. मला वाटलं, आईला पाहून थांबले. ते आईकडे पाहत नव्हते. खाटेच्या लोखंडी कठड्याला चिठ्ठी लावली होती आणि तिच्यावर ओळीने प्रश्नचिन्हं होती. त्यांनी चपला काढल्या. त्यांचं बोट हलायला लागलं.

"दहा," ते म्हणाले. "कौशल्याबाई दहाचं हाये, ताई."

मंडपाच्या दारात मी याच माणसाला हसले होते. आता मला राग आला, त्या चिठ्ठीचा, शेटजींचा आणि सगळ्यात जास्त हिवराजभाऊंचा, कारण धड नाव छापणारा प्रोग्राम त्यांच्या मशीनमध्ये कधीचा तयार होऊन पडला होता. ते त्यांनाही कळलं होतं. मी आत गेले, पर्समधून पेन काढलं, ती सगळी चिन्हं खोडली आणि खाली 'कौशल्याबाई' असं ठसठशीत लिहिलं, एकेक अक्षर दोन-तीनदा गिरवून. मग ते आत आले.

कौशल्याबाईंचे डोळे उघडे होते. त्या कोणाकडेच बघत नव्हत्या.

डॉक्टर तरुण होत्या आणि दमलेल्या होत्या. "जीव वाचला," त्या म्हणाल्या. "बोलणं किती परत येईल, आज नाही सांगता येणार."

"म्याडम, एवढंच सांगा," हिवराजभाऊ हात जोडून म्हणाले. "चौकोन हाये का प्रश्नचिन्ह?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "यांना पण काही त्रास आहे का?"

मग मी समजावलं. शब्द आत आहेत आणि बाहेर येत नाहीत, की शब्दच गेले, असं ते विचारताहेत. "हे तर आम्हीही शोधतोय," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी."

हिवराजभाऊ स्टुलावर बसले. बोलायची त्यांना सवय नव्हती. या आईपुढे आजवर त्यांनी 'हव' सोडून फारसं काही उच्चारलं नव्हतं. मग त्यांना जे येतं ते त्यांनी सुरू केलं. ते पोवारीत बोलत होते, मी मराठीत सांगते.

"माय, मोहाची फुलं दिवाळीत पडतात ना?"

कौशल्याबाई तशाच.

"माय, तुझं वय तीनशे हाये."

काही नाही. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या आणि दीर वेडा झाला की काय, अशा नजरेने माझ्याकडे बघत होत्या. मला सगळं कळत होतं, आणि म्हणून मला तिथे उभं राहवत नव्हतं. हे माणूस आईत चुकीचं भरत होतं आणि लाल अक्षरांची वाट बघत होतं. लाल अक्षरं येत नव्हती.

"माय, मले दोन पोरं हायेत." काही नाही. "माय, आपलं घर नागपुरात हाये." काही नाही. त्यांचा आवाज बसत चालला. ते थोडे पुढे वाकले.

"माय, ढोलीतली डबी मी काढून घेतली. गोठ्यात ठेवली, गायीच्या पायापाशी."

कौशल्याबाईंचे डोळे फिरले. आधी हळू, मग सरळ लेकाच्या तोंडावर. कपाळाला आठी पडली. तोंडातून 'अ… अ…' आलं, आणि ते जमेना म्हटल्यावर त्यांनी डावा हात उचलून खाटेच्या कठड्यावर आपटला. बांगड्यांचा ठण्‌कन आवाज झाला. पुन्हा आपटला. जपायला दिलेली वस्तू गोठ्यात ठेवणाऱ्याला त्या काय म्हणत होत्या, ते आम्हाला सगळ्यांना शब्दाशिवाय कळलं.

"एरर आली," हिवराजभाऊ म्हणाले. "ताई, एरर आली. चौकोन हाये." आणि त्यांनी त्या आपटणाऱ्या हातावर डोकं ठेवलं आणि रडले. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्याचा प्रोग्राम देऊन टाकला. शेटजींनी 'कब देंगे' विचारायच्या आत दिला. काउंटरवरच्या मुलीने पहिली चिठ्ठी काढली ती कौशल्याबाईंची. ती हातात घेऊन हिवराजभाऊ तिथेच उभे राहिले, मागे लोकांची रांग वाढत गेली, आणि मी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. पुढे त्या मुलीने विचारलं, हे टेस्टचं नाव खोडायचं ना? हे नाव खरं आहे, असं मला तिला सांगावं लागलं.

आता कौशल्याबाई गावी आहेत. पाय थोडा चालतो. बोलणं आलेलं नाही. येईल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत.

दुपारचा फोन मात्र सुरू आहे. हिवराजभाऊ लावतात, वहिनी तिकडे तो खाटेवर ठेवतात आणि सासूबाईंच्या डाव्या हातात चमचा देतात. चुकीचं ऐकलं की कौशल्याबाई चमचा वाटीवर आपटतात. बरोबर असेल तर गप्प. जन्मभर 'हव' म्हणणारा माणूस आता डबाभर वेळ एकटा बोलतो. खऱ्या बातम्यांत एकेक खोटी पेरत जातो. "माय, आज ताईनं ऑफिसात बकरी आनली." ठक. "माय, शेटजीनं पगार वाढवला." ठक. हे त्यांना गावी बसून कसं कळतं, याचं शेटजींनाही नवल वाटतं. एखाद्या दिवशी ठक यायला उशीर होतो. तेवढा वेळ हिवराजभाऊंचं तोंड उतरतं, माझा घास तोंडात तसाच राहतो, आणि हल्ली शेटजीही फाइल चाळायचं थांबवतात.

परवा सगळ्या चुका टाकून झाल्या. हिवराजभाऊ फोन ठेवायच्या बेतात होते. शेवटचा प्रश्न आता तिकडून येत नाही, पण त्याचं उत्तर द्यायची यांची सवय गेलेली नाही.

"हव माय, जेवलो मी."

ठक.

हिवराजभाऊ दचकले. "अवो नाई, माय. हे टेस्ट नोहोतं."

ठक. या वेळी जोरात.

डबा त्यांच्यासमोर होता, झाकण घट्ट लावलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'नाही' अशी मान हलवली, मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी झाकण उघडलं, पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि फोनपाशी तोंड नेऊन, आवाज होईल असा चावला.

"आता?" त्यांनी विचारलं.

तिकडून काही आवाज आला नाही. हिवराजभाऊ मान खाली घालून जेवत राहिले.